हार्डवेअर परफॉर्मन्स काउंटर : कर्नलमापनातील दोषशोध

प्रोसेसरमधील घड्याळाचे ठोके, पूर्ण झालेल्या सूचना, कॅशमध्ये न सापडलेली माहिती अशा घटना मोजणारी रजिस्टरे. लिनक्समध्ये २००९ पासून ‘पर्फ’ हे साधन ती वाचते. जळगाव-धुळ्याकडचा विद्यार्थी विंडोजच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनमध्ये लिनक्स चालवतो, तेव्हा आकड्याच्या जागी अनेकदा ‘नॉट सपोर्टेड’ उमटते. कर्नल बिघडलेला नसतो. आतल्या यंत्रापर्यंत काउंटर पोहोचलेलेच नसतात. थेट लॅपटॉपवर लिनक्स चालवून पाहावे. ‘नॉट काउंटेड’चा अर्थ निराळा : त्या घटनेला काउंटर मिळालाच नाही. इंटेलवर बहुधा एनएमआय वॉचडॉग, म्हणजे प्रोसेसर अडकून पडला का यावर नजर ठेवणारी कर्नलची सोय, एक काउंटर अडवून बसतो. मोजण्यापुरता हा वॉचडॉग बंद ठेवावा. खरा धोका मात्र निमूटपणे येणाऱ्या आकड्याचा. शेजारी कंसात टक्केवारी असेल, तर काउंटर आळीपाळीने वापरले गेले आणि आकडा अंदाजाने वाढवलेला आहे. तेव्हा कमी घटना घेऊन पुन्हा मोजावे.