खार्तुमची मोहीम व उंटांची बारबरदारी

युद्धाच्या इतिहासांत सेनापति, सैनिक व तोफा यांची मोजदाद होते. ओझीं वाहणाऱ्या जनावरांची क्वचितच होते. मराठी कागदपत्रें वाचणारांस बारबरदारीचें महत्त्व सांगावयास नको. लष्करी हिशेबांत बैल व उंट यांच्या दाणावैरणीस केवढें स्थान असतें, हें त्यांस ठाऊक आहे. प्रस्तुत लेखांत १८८४-८५ सालच्या इंग्रजांच्या सुदान मोहिमेचा याच दृष्टीनें विचार करावयाचा आहे.

महदी मुहम्मद अहमद याच्या सैन्यानें मार्च १८८४ मध्यें खार्तुमला वेढा घातला. आंत जनरल गॉर्डन होता. त्याच्या सुटकेसाठीं लॉर्ड वूल्झली याच्या हाताखालीं निघालेली फौज नाईल नदीनें कोर्तीपर्यंत आली. तेथून पुढें नदीला मोठें वळण आहे. तें वळण टाळून बायुदा वाळवंटांतून मतेम्मा गांठण्यासाठीं सर हर्बर्ट स्टुअर्ट याची उंटांवरील तुकडी निवडण्यांत आली. अंतर सुमारें १७५ मैलांचें होतें.

या मोहिमेच्या अपयशाचा दोष बहुधा सर चार्ल्स विल्सन याजवर ठेवण्यांत येतो. तुकडी १९ जानेवारी १८८५ रोजीं रात्रीं नाईलवर पोहोंचली. विल्सन आगबोटी घेऊन २४ तारखेस निघाला व २८ तारखेस खार्तुमसमोर आला. शहर २६ तारखेसच पडलें होतें व गॉर्डन मारला गेला होता. या थोडक्या दिवसांच्या विलंबावर पुष्कळ वाद झाला आहे. परंतु त्याआधींचा विलंब याहून मोठा आहे. स्टुअर्ट ३० डिसेंबर रोजीं कोर्तीहून निघून २ जानेवारीस जकडूलच्या विहिरींवर पोहोंचला होता. सर्व माणसें व सामान एका खेपेंत नेण्याइतके उंट त्याजपाशीं नव्हते. म्हणून कांहीं लोक तेथें ठेवून तो परत फिरला, ८ तारखेस पुन्हां निघाला, १२ तारखेस पुन्हां जकडूलला आला व १४ तारखेस पुढें सरकला. म्हणजे एकाच ठिकाणाहून पुढें जाण्यास बारा दिवस लागले, व त्या अवधींत उंटांस जवळजवळ दोनशें मैलांची जादा चाल पडली.

उंट दिवसचे दिवस अन्नपाण्यावांचून चालतो, ही समजूत त्या वेळच्या अनेक अधिकाऱ्यांत होती. तींत सत्य आहे, पण अर्धें. मदारींत पाणी नसून चरबी असते. क्नूत श्मिट-नील्सन यांनीं १९५३-५४ सालीं अल्जीरियांत बेनी अब्बास येथें केलेल्या प्रयोगांवरून असें सिद्ध झालें कीं, तहानलेला उंट आपल्या शरीराची उष्णता पहांटेस सुमारें ३४ अंशांपर्यंत उतरूं देतो व दुपारीं ४० अंशांवर चढूं देतो. त्यामुळें घामावाटे जाणारें पाणी वांचतें. वजनाच्या चतुर्थांशाइतकें पाणी घटलें तरी तो जगतो. माणूस याच्या निम्म्या तुटीनेंहि दगावतो. पाणी मिळतांच तो दहा मिनिटांत शंभर लिटरपर्यंत पितो. पण ही सारी काटकसर म्हणजे उधारी होय. ती पाण्यानें, चाऱ्यानें व विसाव्यानें फेडावी लागते. उंटास रोज सहा ते आठ तास चरावयास व पुढें रवंथ करावयास वेळ लागतो.

हाच वेळ स्टुअर्टच्या उंटांस मिळाला नाहीं. हल्ल्याच्या भयानें रात्रीं ते गुडघे बांधून दाटीनें बसविलेले असत, व दिवसां ओझ्याखालीं असत. ज्वारीचा दाणा अपुरा होता. जकडूल ते नाईल ही चाल सहा दिवसांची व थंडीच्या दिवसांतील. ताजा, पोटभर चरलेला उंट ती सहज काढतो. तेव्हां केवळ तहानेनें ते मेले असें म्हणतां येत नाहीं. पाठी खोगिरांनीं सोलल्या होत्या. आरमारी पथकाचा अधिकारी लॉर्ड चार्ल्स बेरेसफर्ड यानें गलबताच्या फटी बुजविण्याचा काथ्या उंटांच्या जखमांत भरल्याचें स्वतःच नमूद केलें आहे. फेब्रुवारींत परततांना बहुतेक स्वारांस पायींच चालावें लागलें.

त्याच मुलखाच्या पश्चिमेस राहणाऱ्या कब्बाबीश लोकांची रीत पाहण्यासारखी आहे. पावसाळा चांगला झाला कीं थंडींत ते आपले कळप जिझू नांवाच्या रसाळ वनस्पतींच्या रानांत नेतात. तेथें उंट महिनेच्या महिने पाणी पीत नाहींत, कारण चाऱ्यांतूनच त्यांना ओलावा मिळतो. धनी त्यांच्या दुधावर राहतात. म्हणजे ज्या सहनशक्तीचें आपण कौतुक करितों, ती एकट्या उंटाची नसून उंट, चारा, ऋतु व पाळणारा यांच्या मेळाची आहे.

उंट पुरेसे असते तर खार्तुम वांचलेंच असतें, असें विधान करण्याचें कारण नाहीं. अबू क्लेआ येथील १७ जानेवारीच्या पराभवाची वार्ता ऐकूनच महदीनें शेवटचा हल्ला केला, असें सामान्यतः मानलें जातें. इतकेंच म्हणावयाचें कीं, विल्सनच्या दिवसांचा हिशेब मागणारानें जकडूलच्या बारा दिवसांचाहि मागावा. तो हिशेब सेनापतींच्या तारखांबरोबर जनावरांच्या पाठींवरहि लिहिलेला होता.