किरणोत्सव, कोल्हापूर

कोल्हापूरच्या अंबाबाई (महालक्ष्मी) मंदिरात मावळत्या सूर्याची किरणे गाभाऱ्यातील मूर्तीपर्यंत पोहोचण्याचा वर्षातून दोनदा येणारा सोहळा. तो ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत होतो. पहिल्या दिवशी किरणे चरणांवर, दुसऱ्या दिवशी मध्यभागावर व तिसऱ्या दिवशी मुखावर पडावीत, असा संकेत आहे.

मंदिर पश्चिमाभिमुख आहे. दोन्ही काळ दक्षिणायनान्तापासून (२१–२२ डिसेंबर) सु. ४२ दिवस अलीकडे-पलीकडे येतात. त्यामुळे सूर्य दोन्ही वेळी विषुववृत्ताच्या सु. १७ अंश दक्षिणेस असतो आणि येथून पाहता पश्चिमेच्या सु. १८ अंश दक्षिणेकडे मावळतो (→ क्रांती). ही दिशा रोज सु. पाव अंशाने, सूर्यबिंबाच्या अर्ध्या रुंदीने, सरकते. म्हणून योग मोजक्याच दिवसांचा. बिंब क्षितिजाकडे उतरते तशी किरणे महाद्वार, गरुड मंडप, पितळी उंबरा ओलांडून मूर्तीवर वर चढतात. वायव्येचा जोतिबा डोंगर या रेषेत येत नाही (→ जोतिबा).

ढग, धूळ, बाष्प यांमुळे किरणे वाटेतच क्षीण होतात. महाद्वाराबाहेरील वाढीव बांधकामांचा अडथळा हा महानगरपालिका, देवस्थान समिती व घरमालक यांच्यातील जुना प्रश्न आहे. स्थानिक महाविद्यालयांतील भौतिकशास्त्राचे अध्यापक टप्प्याटप्प्याने प्रकाशाची तीव्रता लक्समध्ये मोजतात आणि वृत्तपत्रे ते आकडे दुसऱ्या दिवशी छापतात.