हायपो थकला, हे ओळखायचं कसं?

फोटोग्राफीच्या इतिहासात कॅमेऱ्याचं आणि भिंगाचं कौतुक खूप होतं. आज बोलू या पाण्यासारख्या दिसणाऱ्या एका द्रावणाबद्दल, म्हणजे हायपोबद्दल.

इंग्लंडमध्ये टॅल्बटनं १८३० च्या दशकात कागदावर चित्रं उमटवली. पण प्रकाश न लागलेलं चांदीचं क्षार कागदात तसंच राही आणि उजेडात काळं पडे. टॅल्बट ते मिठाच्या द्रावणानं आवरू पाही, उपाय अर्धवटच. हायपो चांदीचे क्षार विरघळवतो, हे जॉन हर्शेलनं १८१९ मध्येच दाखवलं होतं. १८३९ मध्ये त्यानं तो फोटोसाठी वापरला आणि प्रश्न सुटला.

खरंच सुटला का? थोड्याच वर्षांत फोटो पिवळे पडून विरू लागले. तेव्हा १८५५ मध्ये लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीनं चौकशी समिती नेमली. समितीचा निष्कर्ष असा की, नेहमीचं कारण म्हणजे नीट न धुतल्यामुळे कागदात राहिलेला हायपो. ओलही घातक. गंमत बघा, त्या काळी काही जण मुद्दाम जुना हायपो वापरत, कारण त्यातल्या गंधकामुळे छटा सुरेख येई. त्या सुरेख छटेनंच पुढे दगा दिला.

आता प्रश्न असा की, हायपो जुना झाला की नेमकं काय होतं? ताज्या द्रावणात चांदीचं असं संयुग बनतं, की ते पाण्यात सहज धुऊन जातं. द्रावणात चांदी साठत गेली, की न विरघळणारी संयुगं बनतात आणि ती कागदाला चिकटून बसतात. त्या दिवशी फोटो स्वच्छच दिसतो. डाग दिसतात ते वर्षांनी. म्हणून नुसत्या डोळ्यांवर विसंबून चालत नाही, चाचणी लागते.

सोपी चाचणी अशी. न धुतलेल्या फिल्मचा तुकडा ताज्या हायपोत टाकायचा आणि तो पारदर्शक व्हायला लागणारा वेळ टिपून ठेवायचा. पुढे तोच वेळ दुप्पट झाला, की द्रावण बदलायचं. दुसरी चाचणी पोटॅशियम आयोडाइडची. वापरलेल्या हायपोच्या नमुन्यात त्याच्या द्रावणाचे थोडे थेंब टाकायचे. पिवळसर गढूळपणा आला आणि ढवळूनही गेला नाही, तर चांदी फार साठली आहे असं समजायचं. आणि बाटलीतच द्रावण दुधाळ झालं असेल, तळाशी गंधक बसलं असेल, तर चाचणीचीही गरज नाही; ते टाकाऊच.

मुंबईतही १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती, आणि डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. आपल्या दमट हवेत तर धुण्याची ही काळजी जास्तच हवी. त्या पिढीचे जे कागदी फोटो आज आपण बघू शकतो, त्यांच्यामागे भिंगाइतकंच हायपो वेळेवर बदलण्याचं आणि कागद नीट धुण्याचं कंटाळवाणं काम आहे. त्या कामात आळस झाला, तर त्याची किंमत फोटो काढणारा मोजत नाही. ती मोजतात त्याची नातवंडं.