नगरचं चर्च आणि एक पंगत



धुळ्याहून किंवा जळगावहून एस.टी.नं पुण्याला जाताना वाटेत नगर लागतं. आता त्याचं नाव अहिल्यानगर. आपण स्टँडवर चहा घेतो आणि पुढे निघतो. पण त्या शहरातल्या एका जुन्या चर्चची गोष्ट आपल्या गटांतल्या बायकांनी ऐकावी अशी आहे.

अमेरिकन मिशनचे लोक 1831 साली नगरला आले आणि 1833 साली तिथं पहिली मंडळी स्थापन झाली. मंडळी म्हणजे चर्चमध्ये उपासनेला एकत्र येणारी माणसं. मिशनरी धर्म सांगायला आले होते, ते काही लपून नव्हतं. त्यामुळे लोकांचा विरोधही होता. कुणी ख्रिस्ती झालं की घरचे आणि जातीतले त्याच्याशी संबंध तोडायचे.

या मंडळीत हरिपंत खिस्ती, रामकृष्णपंत मोडक असे ब्राह्मण आले. महार आणि मांग समाजातली माणसं तर मोठ्या संख्येनं आली. आता विचार करा. ज्या काळात सावलीचाही विटाळ मानायचे, त्या काळात हे सगळे एका छताखाली बसू लागले. चर्चमध्ये प्रभुभोजनाचा विधी असतो. त्यात सगळ्यांना एकाच भाकरीतला तुकडा आणि एकाच प्याल्यातला घोट मिळतो. नुसतं ‘आपण सारे सारखे’ म्हणणं सोपं असतं. त्या प्याल्याला ओठ लावणं अवघड. मनातले भेद लगेच गेले नाहीत, ख्रिस्ती झाल्यावरही जातीची आठवण राहिलीच. पण दर वेळी पंगत मात्र एकच मांडली गेली.

दुसरी गोष्ट मुलींच्या शाळेची. सिंथिया फरार नावाच्या अविवाहित बाई अमेरिकेतून आधी मुंबईला आल्या आणि 1839 मध्ये नगरला. 1862 साली त्या नगरलाच वारल्या. आयुष्यभर त्यांनी मुलींना शिकवलं. जोतीराव फुल्यांचे मित्र सदाशिवराव गोवंडे तेव्हा नगरला नोकरीला होते. जोतीरावांनी तिथं फरार बाईंची मुलींची शाळा पाहिली. नंतर 1848 साली पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. आपल्या सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते याच फरार बाईंकडे. आज आपण गटाच्या वहीत सही करतो, त्या सहीचं एक मूळ नगरच्या त्या शाळेत आहे.

मंडळीतल्या काही बायका पुढे घरोघर जाऊन बायकांना वाचायला शिकवू लागल्या. त्यांना बायबल-बाई म्हणत. त्यांत विधवाही असत. ज्यांना घरात कोपरा दाखवला होता, त्या आता हातात पुस्तक घेऊन दुसऱ्याच्या ओसरीवर बसू लागल्या.

उपासनाही हळूहळू मराठमोळी झाली. टाळ-मृदंगावर भजनं आणि कीर्तनंही होऊ लागली. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंगांच्या चालीवर लिहिलेली गाणी मराठी चर्चमध्ये आजही म्हणतात.

या टिळकांच्या पत्नी म्हणजे लक्ष्मीबाई. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले तेव्हा त्या सोवळं-ओवळं पाळणाऱ्या होत्या. नवऱ्यापासून काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे एकत्र आल्या, तरी त्यांनी लगेच धर्म बदलला नाही. स्वतः विचार केला, आणि जात देवानं नाही, माणसानं केली, हे पटल्यावरच विटाळ सोडला. शाळेत न गेलेल्या या बाईनं ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं. त्याचा पहिला भाग 1934 साली आला. घरात बोलावं तसं लिहिलंय, मिळालं तर गटात मोठ्यानं वाचा.

हे सगळं मी का सांगते? गट सुरू करायला मी एका गावात गेले होते. सतरंजी अंथरली, बायका बसल्या. दोन ताई मात्र उंबऱ्याजवळच थांबल्या. ‘आम्ही इथंच बऱ्या,’ म्हणाल्या. कुणी त्यांना हाकललं नव्हतं, पण कुणी सरकून जागाही दिली नव्हती. पहिले दोन महिने त्यांनी पैसे उंबऱ्यावरूनच दिले. तिसऱ्या महिन्यात गटातल्या एका आजींनी आपल्या तांब्यातलं पाणी त्यांना दिलं आणि उरलेलं स्वतः प्यायल्या. त्यावर कुणी काही बोललं नाही. पुढच्या बैठकीला त्या दोघी सतरंजीवर होत्या. आज त्यांतलीच एक गटाची सचिव आहे.

नगरच्या चर्चमध्ये जे एका प्याल्यानं केलं, ते आपल्याकडे एका तांब्यानं केलं. धर्म कुणाचा कुठला का असेना, त्यानं काही अडत नाही.

तर या महिन्याच्या बैठकीत एवढंच बघा : आपल्या गटात उंबऱ्याजवळ कोण बसतं? तिच्यासाठी सरकून जागा करा.

येते मी. राम राम!