उकिरड्याचे पांग



बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असं आपल्या आज्या म्हणायच्या. आज आपण एका खऱ्याखुऱ्या उकिरड्याची गोष्ट ऐकूया. तो होता मुंबईत, धारावीला लागून, मिठी नदीच्या काठावर.

कितीतरी वर्षं मुंबईचा कचरा तिथे ओतला जात होता. १९७७ च्या सुमारास ते थांबलं. मागे उरली सुमारे ३७ एकरांची घाण जागा. एका बाजूला दाट वस्ती, दुसऱ्या बाजूला नदी आणि खाडीचं खारं पाणी. निसर्गप्रेमी मंडळींनी सुचवलं, इथे जंगल उभं करूया.

आपण शेतातल्या बाया. कचऱ्याच्या ढिगावर झाड लावणं म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. कचरा आत कुजत असतो, तापत असतो, त्यातून वायू निघतो. अशा जागी मूळ धरणार कुठे? म्हणून आधी वर माती आली, मग तग धरणारी झाडं आली. ५ जून १९८३ ला, पर्यावरण दिनी, थोर पक्षीतज्ज्ञ सालिम अली यांच्या हातून लागवडीला सुरुवात झाली. तेव्हा ते ८६ वर्षांचे होते. आपल्याला त्याची सावली मिळेल, असा हिशेब करून त्या वयात कुणी झाड लावत नाही.

पाला गळला, कुजला, त्याची माती झाली. त्या मातीत आणखी झाडं तगली. झाडांवर पाखरं आली, पाखरांनी बिया आणल्या. १९९४ साली उद्यान लोकांसाठी उघडलं. म्हणजे लागवडीपासून अकरा वर्षं लागली. आपल्या आज्यांचा हिशेब एका वर्षानेच चुकला म्हणायचा!

आज त्याला महाराष्ट्र निसर्ग उद्यान म्हणतात. तिथे हजारो झाडं आहेत, शंभराहून अधिक जातींचे पक्षी दिसतात. पावसाचं पाणी तळ्यात साठवतात. शाळेची मुलं झाडं ओळखायला येतात.

पण गोष्ट इथे संपत नाही. नदीपलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या उंच इमारती उभ्या राहिल्या आणि आसपासच्या जमिनीला सोन्याचा भाव आला. पुढे धारावीच्या पुनर्विकासात हे उद्यानही ओढलं जाईल, अशी भीती निर्माण झाली. तेव्हा लोकांना त्याच्यासाठी आवाज उठवावा लागला. उकिरडा होता तेव्हा ती जागा कुणालाच नको होती. हिरवी झाली तशी सगळ्यांच्या डोळ्यांत भरली.

मैत्रिणींनो, आपल्याही गावात शाळेमागे, ओढ्याकाठी, एसटी थांब्याजवळ अशी एखादी जागा असतेच. प्लास्टिक आणि बाटल्यांनी भरलेली. आपल्या गटाने ती हाती घेतली, तर फावडं उचलण्याआधी दोन कामं करूया. जागा कुणाच्या नावावर आहे, ते सातबाऱ्यावर किंवा ग्रामपंचायतीच्या दप्तरात पाहूया. आणि ग्रामसभेच्या आधी होणाऱ्या महिला सभेत विषय मांडून पुढे ग्रामसभेत लेखी ठराव करून घेऊया.

नाहीतर पाणी आपण घालायचं, आणि झाडं मोठी झाली की कुंपण दुसऱ्याने घालायचं! पांग फिटायला बारा वर्षं लागतात. ती आपल्या घामाची असतात, तर जागाही सगळ्या गावाचीच राहू द्या.