नाव घेणे आणि नावे ठेवणे

मागे एकदा निफाडकडे एका लग्नाला गेलो होतो. नव्या जोडप्याची नावं घेऊन झाली, तशी पोरीबाळींनी नवरीच्या आजीलाच गाठलं. आजोबा शेजारी पानाला चुना लावीत बसलेले. आजीनं पदर सावरला आणि म्हणाली, "कांद्याच्या चाळीत विसरले हिशेबाची वही, अमुकरावांचं नाव घेते, अजून सापडली नाही!" मांडव हसला. आजोबा मान वर न करता म्हणाले, "सापडली गं. तूच तिच्यावर पापड वाळत घातले होतेस."

एरवी नवऱ्याचं नाव तोंडून काढायचं नाही, ही जुनी रीत. ते घ्यायची मुभा उखाण्यात. पण नाव घेता घेता नावं ठेवायची सोयही बायकांनी त्यातच करून घेतली. घरातल्या ह्या थट्टेची नोंद बखरीत नाही, की दप्तरात नाही. आपला नाशिक जिल्हा मात्र त्या बाबतीत भाग्यवान म्हणायचा.

न्यायमूर्ती रानडे ह्यांचा जन्म निफाडचा, 1842 सालचा. रमाबाईंशी त्यांचं लग्न 1873 मध्ये झालं. ते एकतीस वर्षांचे, ती जेमतेम अकरा वर्षांची. पुढे 1878 मध्ये त्यांची बदली नाशिकला झाली. रमाबाईंच्या आठवणी 1910 साली छापून आल्या. त्यांत नवऱ्याचा उल्लेख त्या 'स्वतः' असा करतात. आंब्याच्या एकदोन फोडी खाऊन हे हात आखडता घेतात, त्या आग्रह करतात, मग दोघांत गोड वाद होतो. तिथं थट्टा आहे, पण डोक्यावरून पदर घेतलेली.

आता गोदाकाठच्या जलालपूरला चला. लक्ष्मीबाईंचा जन्म इथला, 1868 चा. 1880 मध्ये त्यांचं नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. टिळक कवी माणूस. दिलदार इतके, की घरात उद्या काय शिजणार ह्याचा विचार न करता हातातले पैसे देऊन मोकळे. 'स्मृतिचित्रे' मध्ये बाई त्यांना सरळ 'टिळक' म्हणतात. 'स्वतः' नाही, 'इकडून' नाही. त्या काळी एवढंही धीटपणाचंच होतं. टिळकांचा विसराळूपणा, त्यांची भोळी औदार्यं, तशीच आपली स्वतःची फजिती, सगळं त्या हसत हसत सांगतात.

पण हे हसू स्वस्तात आलेलं नाही, हे शिक्षकबंधूंनी वर्गात जरूर सांगावं. टिळक तापट होते. शिवाय 1895 साली मुंबईस त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि घर दुभंगलं. लक्ष्मीबाई कधी जलालपुरास, कधी पंढरपुरास. त्या दुःखाच्या दिवसांत माणूस हसणार तरी कसा? 1900 साली त्यांनी स्वतःही तो धर्म घेतला. तोवर संसार पुन्हा उभा राहिला होता. नगरच्या घरात माणसांचा राबता असे. कवी बालकवीही तिथं राहिलेले. अशा घरात एकानं आकाशातल्या गप्पा मारायच्या आणि दुसरीनं पिठाचा डबा पाहायचा, अशी वाटणी होती. 'स्मृतिचित्रे'तली निम्मी थट्टा त्या डब्यापाशीच आहे.

माझं मत विचाराल तर रमाबाईंना थट्टेची परवानगी मिळाली होती, आणि लक्ष्मीबाईंनी ती आपली आपण घेतली. नवऱ्यानं बोलावं आणि बायकोनं ऐकून घ्यावं, ह्याला थट्टा म्हणत नाहीत. मग कुणी कितीही हसो. निफाडच्या त्या आजोबांनाही उत्तर द्यावं लागलं, म्हणून मजा आली.

टिळक 1919 मध्ये वारले. एकोणचाळीस वर्षांचा संसार झाला होता. 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागली, म्हणजे नवरा जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य दहा अध्यायांवर अर्धवट टाकलं होतं. अर्धवट टाकलेली कामं पुरी करणं हा तर बाईंचा जन्माचा उद्योग. त्यांनी त्याला चौसष्ट अध्याय जोडले. 1936 मध्ये त्या गेल्या आणि दोन वर्षांनी ते पुस्तक निघालं, दोघांच्या नावानं.