दिव्याची अवस आणि गुळाचा काढा



आपल्या दिंडीची जुनी खर्चाची वही ज्यांनी चाळली असेल त्यांनी एक नोंद पाहिली असेल. वारीचा सगळा जमाखर्च मिटल्यावर, पान संपता संपता लिहिलेलं असतं : "दिव्याची अवस. गूळ, सुंठ, मिरी, जळण." वारी तर संपली, पालं गुंडाळली, विणा घरी आला. मग हा गूळ कशाला? शंभर वर्षांच्या या पुस्तकात पालखीचं, मुक्कामांचं, वीणेकऱ्यांचं पुष्कळ येईल. मी या गुळाचं सांगतो.

पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो, दही-लाह्या एकमेकांच्या तोंडात घालून आपण घरी निघतो. त्यानंतर बरोबर पंधराव्या दिवशी आषाढी अवस येते. आपल्या आज्यांच्या काळी हा दिवस म्हणजे दिव्याची अवस. घरातले समई, निरांजन, कंदील, चिमण्या सगळं राखेनं घासायचं, पाटावर मांडायचं, कणकेचे गूळ घातलेले दिवे उकडायचे आणि तूप घालून खायचे. दुसऱ्या दिवसापासून श्रावण. श्रावणात मांस-मद्य वर्ज्य, म्हणून आदल्या दिवशी उरकून घ्यायचं अशी रीत काही घरांत पडली. हळूहळू दिवा मागं पडला आणि बाटली पुढं आली. दिव्याच्या सणाला लोक गटारी म्हणू लागले. दिव्याच्या दिवसाला गटाराचं नाव पडलं, याचा विचार करावा.

आपल्या दिंडीच्या जुन्या माणसांना यातली खरी अडचण ठाऊक होती. वारीच्या वाटेवर माणूस सांभाळला जातो. पुढं विणा, मागं विणा, शेजारी टाळकरी, पिण्याचं मनात आलं तरी पाय वळत नाही. पण घरी आल्यावर पंधरा दिवसांत ही अवस गाठते. गळ्यातली माळ खुंटीला टांगून एक दिवस मोकळे होणारे तेव्हाही होते, आजही आहेत. म्हणून त्यांनी अवसेच्या संध्याकाळी देवळापुढं चूल मांडली, मोठं पातेलं चढवलं आणि गूळ-सुंठीचा काढा केला. हरिपाठ, मग गरम काढा, मग भजन. बाहेर पाऊस, अंगात गारठा, हातात वाफेचा पेला. कुणाला नाव ठेवलं नाही, कुणाला हाकललं नाही. आलेल्याच्या हातात पेला दिला.

आता दारूचा इतिहास थोडा सांगतो. इंग्रजांनी १८७८ साली मुंबई इलाख्यात आबकारीचा कायदा केला. दारू गाळणं, ताडी काढणं, विकणं सगळं सरकारी परवान्याखाली आलं. १८९२ साली मोहाच्या फुलांवरसुद्धा कायदा आला. लोकांनी पिऊ नये म्हणून हे केलं असं कुणी समजू नये. सरकारला त्यातून महसूल हवा होता. परवाना म्हणजे दुकान, आणि दुकान म्हणजे पैसा दिला की रोज बाटली. महात्मा फुले पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते. शहरात दारूची दुकानं वाढली तेव्हा त्यांनी १८८० साली नगरपालिकेला पत्र लिहून विरोध केला. १९०८ साली पुण्यात दारूच्या दुकानांपुढं लोकांनी निरोधन केलं, त्याला टिळकांचा पाठिंबा होता. १९३० च्या चळवळीत गांधीजींनी हे काम बायकांकडं दिलं, कारण दारूची खरी झळ बाईला लागते.

पण मला सगळ्यांत मोठं वाटतं ते गाडगेबाबांचं. बाबांचा जन्म १८७६ चा, अमरावतीकडच्या शेणगावचा. वडील दारूनं गेले, तेव्हा डेबू लहान होता. पुढं डेबू मोठा झाला, संसार झाला, मुलगी झाली. बारशाला भावकीला मटण आणि दारू द्यायची ही त्यांच्या जातीची रीत. डेबूनं ती मोडली आणि गोडाचं जेवण घातलं. भावकी रागावली. ध्यानात घ्या, त्यांनी बारसं रद्द केलं नाही. पाहुणे बोलावले, पंगत बसवली, पोट भरून जेवू घातलं, फक्त दारू काढून तिथं गोड ठेवलं. हातात झाडू आणि गाडगं घेऊन गाव झाडत फिरले ते नंतर. त्याची सुरुवात या पंगतीत आहे असं मी समजतो.

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. कायदा चांगला, पण दुकान बंद झालं आणि ओढ्याकाठी हातभट्टी पेटली. भट्टीला लागतो गूळ. आपल्याच उसाचा, आपल्याच गुऱ्हाळातला. काळा गूळ नवसागर घालून सडवला की त्याची भट्टीची दारू होते, आणि तोच गूळ पाण्यात घालून लिंबू पिळलं की उन्हातून आलेल्या पाहुण्याचा जीव थंड होतो. पुढं बंदी सैल झाली, परवान्याची दुकानं आली. मग गावच्या बायांना मतदानाचा मार्ग मिळाला, उभी बाटली की आडवी बाटली. ज्या गावांनी बाटली आडवी केली त्यांना माझा दंडवत. पण दुकान शेजारच्या गावात असतंच. तिथपर्यंत जाणारा पाय कोण धरणार?

एक प्रसंग सांगतो. मी एका गावी कीर्तनात दारूवर चांगला अर्धा तास बोललो. लोक माना डोलवत होते, मलाही बरं वाटत होतं. कीर्तन संपल्यावर एक बाई पाया पडली आणि म्हणाली, "महाराज, घेऊ नका ते सांगितलंत. उद्या धुळवड हाय. माझ्या मालकाच्या हातात मी द्यायचं काय, ते सांगा." मला उत्तर सुचलं नाही. घरी येताना वहीतली ती नोंद आठवली.

तेव्हापासून मी वर्षाचा हिशेब मांडला. पाडव्याला कडुनिंब आणि गूळ आहेच. चैत्रात चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीचं पन्हं. कैरी उकडून गर काढावा, गराच्या दुप्पट गूळ, वेलदोडा, चिमूटभर मीठ, आणि माठातलं पाणी. फाल्गुनात कैरी धरलेली असेल तर धुळवडीलाही हेच, नसेल तर लिंबू-गूळ. पोळ्याच्या करीला पाजण्याची फार वाईट खोड आहे, त्या दिवशी जिरं-आलं घातलेलं घट्ट ताक. कोजागिरीला मसाला दूध. आता खेड्यातही ३१ डिसेंबर शिरला आहे, तर काही ठिकाणी पोरांनी "द दारूचा नव्हे, दुधाचा" म्हणत चौकात दूध वाटलं, ते मला फार आवडलं. आणि अवसेला आपला काढा. त्याचं माप असं : दहा लिटर पाणी, एक किलो गूळ, पन्नास ग्रॅम सुंठ, दहा ग्रॅम मिरी कुटून, मूठभर तुळस, गवती चहाची जुडी. चांगली उकळी येऊ द्यावी, मग गाळावं. पन्नास माणसांना पुरतो. साखरेचा आजार असलेल्यांसाठी बिनगुळाचं वेगळं भांडं ठेवावं.

एक गोष्ट मात्र काढ्यानं होत नाही, ती लपवून चालणार नाही. माझा धाकटा भाऊ रोजचा पिणारा. एका वर्षी त्यानं माळ घातली आणि वारीत आला. निघताना एका दिवसात सगळं तोडलं. तिसऱ्या दिवशी वाटेत त्याचे हात थरथरायला लागले, घाम फुटला, नसलेली माणसं दिसू लागली. आम्ही म्हटलं, थकलाय, काढा पाजा. शेवटी वाटेवरच्या दवाखान्याच्या गाडीतल्या डॉक्टरांनी पाहिलं आणि आम्हालाच झापलं. रोजचा पिणारा एकदम थांबला की शरीर असं उलटतं, जीवही जातो, आधी आम्हाला विचारायचं, असं ते म्हणाले. भाऊ वाचला. तेव्हापासून मी कुणाला माळ घालायला सांगताना विचारतो, बाबा, रोजची आहे का सणाची? रोजची असेल तर आधी डॉक्टर, मग माळ. त्यात देवाचा कमीपणा नाही.

तोच भाऊ आता अवसेला पातेल्यापाशी बसतो. जाळ कमी-जास्त करतो, चाखत नाही, आधी दुसऱ्याला देतो. गेल्या काही वर्षांत त्याच्याकडं पाहून चार-पाच जण देवळापुढं येऊन बसायला लागले. त्यातले दोघं अजून अधूनमधून चुकतात. त्यांना आम्ही काही बोलत नाही, पेला भरून ठेवतो.

शंभर वर्षांत वीणेकरी बदलले, पालं बदलली, बैलगाडी जाऊन टेम्पो आला. वहीतली ती नोंद तेवढी बदललेली नाही. यंदाच्या अवसेला माझी सर्वांना विनंती आहे. घरातले दिवे घासा, कणकेचे दिवे उकडा, आणि संध्याकाळी देवळापुढं या. ज्याची आठवण काढताना तुमच्या घरात आवाज खाली जातो, त्यालाही हाताला धरून आणा. उपदेश मी करणार नाही. काढा गरम असेल.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.